नीटची पुस्तकं निवडताना: कोकणातल्या अकरावीकरांसाठी

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी कुणी ना कुणी पालक नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, पुस्तकांची यादी घेऊन माझ्याकडे येतात. एका जूनमध्ये असेच एक गृहस्थ निथळती छत्री दाराबाहेर ठेवून स्टाफरूममध्ये आले. मुलीला दहावीत उत्तम गुण, डॉक्टर व्हायचं तिच्या मनात पक्कं. घाटावरच्या नातलगाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली यादी त्यांनी वहीच्या पानावर उतरवून आणली होती. एकवीस पुस्तकं. "मॅडम, आंब्याचे पैसे हातात आहेत तोवर सगळी घेऊन टाकतो. सुरुवात कुठल्यापासून करू?" मी म्हटलं, आज एकही घेऊ नका.

मी गेली अठरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याची स्वतःची परीक्षा होती तेव्हापासून मुलांच्या दप्तरात काय असतं ते पाहते आहे. मोठ्या शहरात चुकीचं पुस्तक घेतलं तर चार दिवसांत कळतं, क्लासमधला शेजारीच सांगतो, हे नको, ते घे. आपल्याकडे वाडीवरून तालुक्याला यायचं तर एसटीची वेळ बघायची, दुकानात फार तर दोन-तीन कंपन्यांची गाइडं, बाकी सगळं मागवायचं. एकदा पैसे घालून घरात आलेलं पुस्तक मूल दोन वर्षं वाचतं, मग ते बरोबर असो वा नसो. म्हणून इथे निवड जास्त जपून करायला हवी.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आपली मुलं अभ्यासाला कमी नाहीत. पण तीच मुलं नीटचा पेपर बघून गांगरतात, कारण ज्या पुस्तकांवर ती वाढली ती एका परीक्षेची आणि समोर आलेला पेपर दुसऱ्याच परीक्षेचा. ही दरी पुस्तकं जपून निवडून बरीच भरून काढता येते. ती कशी, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: दुकानाआधी अभ्यासक्रम

नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, ठरवतो आणि परीक्षा एनटीए, म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी, घेते. अभ्यासक्रम संकेतस्थळावर फुकट मिळतो. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून तो छापून घ्या, पिन मारा आणि अभ्यासाच्या जागी भिंतीला लावा. यापुढचं प्रत्येक पुस्तक या कागदाशेजारी ठेवूनच तपासायचं आहे. अर्ज भरायच्या वेळी एनटीएचं माहितीपत्रक निघतं, तेही दरवर्षी नव्याने वाचायचं, कारण रचना बदलते.

२०२५पासूनची रचना अशी: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत पेपरात २०० प्रश्न असायचे आणि त्यातले १८० सोडवायचे. त्या काळातले सराव पेपर अजून दुकानांत पडून असतात. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर २०० प्रश्नांची रचना दिसली, तर पुस्तक कधीचं आहे ते लगेच कळेल.

त्याहून महत्त्वाचा बदल अभ्यासक्रमात झाला. २०२४च्या परीक्षेसाठी नोव्हेंबर २०२३मध्ये तो कापला गेला. जीवशास्त्रातून पचन, वनस्पतींमधलं परिवहन, खनिज पोषण, पर्यावरणाचे प्रश्न हे धडे गेले. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठीय रसायनशास्त्र, बहुवारिकं आणि आणखी काही धडे गेले. काही नवंही आलं, ते पुढे सांगते. त्याआधी छापलेल्या जाडजूड पुस्तकातला बराच भाग आज परीक्षेपुरता निरुपयोगी आहे, आणि मुलाला ते ठाऊक नसेल तर तो भागही ते तितक्याच निष्ठेने पाठ करतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. एका मुलाने आतेभावाचा जुना संच आणून पूर्ण दिवाळीची सुट्टी अभ्यासक्रमात नसलेल्या चार धड्यांवर घालवली होती. पोर इतकं मेहनती की त्याला ते सांगताना मलाच जड गेलं.

दुसरी पायरी: एनसीईआरटीचे दहा भाग

एनसीईआरटी ही केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था. पहिले पैसे इथे खर्च करा. अकरावी आणि बारावीचं मिळून जीवशास्त्राचं एकेक पुस्तक, भौतिकशास्त्राचे दोन-दोन भाग, रसायनशास्त्राचे दोन-दोन भाग, एकूण दहा. ही पुस्तकं सरकारी असल्यामुळे स्वस्त आहेत, आणि एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर सगळ्यांच्या पीडीएफ मोफत आहेत. तरीही जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं तरी कागदावरचीच असू द्या. जीवशास्त्राचे प्रश्न धड्यातल्या वाक्यांवर, आकृतीखालच्या ओळींवर, तक्त्यांतल्या एखाद्या रकान्यावर येतात. ते पान इतक्यांदा उलटायचं असतं की 'डाव्या पानावर वरच्या बाजूला होतं' अशी आठवण राहायला हवी. मोबाइलच्या पडद्यावर ती राहत नाही. पैसे वाचवायला एका पानावर दोन-दोन पानं छापून घेणाऱ्यांना मी नेहमी अडवते. आकृतीतली नावं वाचता येत नाहीत आणि मूल ती आकृती सोडून पुढे जातं.

आवृत्ती तपासण्याची सोपी खूण म्हणजे अनुक्रमणिका. सुधारित आवृत्तीत अकरावी जीवशास्त्राचे १९ धडे आहेत, बारावीचे १३. जुन्या आवृत्तीत ते २२ आणि १६ होते. रसायनशास्त्रात फरक मोठा आहे: अकरावीचे १४चे ९ झाले, बारावीचे १६चे १०. दुकानात उभ्या उभ्या धडे मोजा, अर्धं मिनिट लागतं. पुस्तक अस्सल आहे का तेही बघा. एनसीईआरटीच्या कागदावर संस्थेची जलखूण असते, पान उजेडाकडे धरलं की दिसते. नक्कल केलेल्या प्रतींत आकृत्या पुसट असतात आणि कधी कधी पानंही गळलेली असतात.

आवृत्तीचा एवढा आग्रह का, ते २०२४च्या परीक्षेने दाखवून दिलं. भौतिकशास्त्रात अणूबद्दलच्या दोन विधानांवर एक प्रश्न होता. जुन्या आवृत्तीतल्या वाक्यावर विसंबून अनेकांनी वेगळा पर्याय निवडला आणि आधी एनटीएने दोन पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, आणि दुसरा निवडलेल्यांचे पाच गुण गेले. चार मिळालेले गेले, वर एक वजा. एका ओळीसाठी पाच गुण.

तिसरी पायरी: बालभारतीची जागा ठरवा

काही क्लासवाले सांगतात, बालभारती बाजूला ठेवा. मला हे पटत नाही. बारावीची परीक्षा राज्य मंडळाची आहे, ती द्यायचीच आहे. शिवाय एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी, म्हणजे भौतिक-रसायन-जीवशास्त्राचा, गट, ज्यावर औषधनिर्माणशास्त्रासारखे प्रवेश होतात, राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असतो. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे आणि ते फार थोड्या मुलांना माहीत असतं.

एनसीईआरटीच्या सुधारित रसायनशास्त्रातून पी-ब्लॉकचे धडे काढले गेले. नीटच्या अभ्यासक्रमात मात्र गट १३ ते १८ची मूलद्रव्यं आहेतच. म्हणजे नुसती नवी दहा पुस्तकं वाचणाऱ्या मुलाच्या हातात हा भागच नाही. आता बालभारती उघडा: अकरावीच्या रसायनशास्त्रात गट १३, १४ आणि १५चा धडा आहे, बारावीत गट १६, १७ आणि १८चा. बाहेरचं एकही पुस्तक न आणता ही उणीव घरातच भरून निघते. कुणाकडे एनसीईआरटीची जुनी आवृत्ती असेल तर ती रद्दीत घालू नका, तिच्यातले पी-ब्लॉकचे धडे काढून वेगळे शिवून ठेवा. बाकी जुनं पुस्तक मात्र नव्यात मिसळू नका, कारण वर सांगितलं तेच.

दुसरी जागा भौतिकशास्त्राची. आपल्याकडे पीसीबी घेणारी बरीच मुलं गणित सोडतात, आणि पहिल्याच महिन्यात सदिश, विकलन, संकलन आलं की घाबरतात. २०१९ला आलेल्या बालभारतीच्या अकरावी भौतिकशास्त्रात दुसरा धडाच गणिती पद्धतींचा आहे. एनसीईआरटीत असा स्वतंत्र धडा नाही. गणित सोडलेल्या मुलाने पावसाळ्याच्या सुरुवातीलाच हा धडा दोनदा सोडवावा, मग एनसीईआरटीचं भौतिकशास्त्र उघडावं. त्यासाठी वेगळं गणिताचं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही.

तिसरी गोष्ट धड्यांच्या जागांची. बालभारती आणि एनसीईआरटीत धडे वेगवेगळ्या वर्षांना आहेत. श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था, संप्रेरकं हे सगळं बालभारतीत बारावीला आहे, एनसीईआरटीत अकरावीला. वनस्पती आणि पाण्याचं नातं, खनिज पोषण हे बालभारतीच्या बारावीत आहे, बोर्डाला हवं, नीटला नको. अन्नोत्पादन वाढीचा धडा बोर्डाला पूर्ण हवा, नीटला त्यातला सूक्ष्मजीवांचा मानवाला होणारा उपयोग एवढाच. म्हणून एक तक्ता स्वतः करा: डाव्या रकान्यात नीटच्या अभ्यासक्रमातला घटक, मधे एनसीईआरटीतलं पान, उजवीकडे बालभारतीतलं पान. तिन्ही विषयांचा मिळून हा तक्ता करायला दोन रविवार लागतात. आयता तक्ता शोधत बसू नका. करता करताच मुलाच्या डोक्यात दोन्ही अभ्यासक्रमांची मांडणी बसते, आणि कॉलेजात चाललेला धडा नीटच्या कुठल्या कोपऱ्यात जातो ते त्याला आपोआप कळायला लागतं.

आता नव्याने आलेल्या भागाबद्दल. नीटच्या अभ्यासक्रमात सपुष्प वनस्पतींची पाच कुळं नावानिशी दिली आहेत: माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी. एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीत सविस्तर वर्णन आहे ते एकट्या सोलॅनेसीचं. मग मुलं लगेच एक नवं जाड पुस्तक मागवतात. मी त्यांना परसात पाठवते. माल्व्हेसी म्हणजे दारातली जास्वंद आणि भाजीतली भेंडी. क्रुसिफेरी म्हणजे मोहरी आणि मुळा. लेग्युमिनोसी म्हणजे वाल, चवळी आणि रोजच्या पिठीतला कुळीथ. कंपोझिटी म्हणजे झेंडू आणि शेवंती. ग्रॅमिनी म्हणजे भात, नाचणी, बांबू. जास्वंदीचं फूल ब्लेडने उभं कापलं की पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी दिसते, आणि ती एकदा पाहिलेलं मूल त्या प्रश्नात चुकत नाही. प्रत्येक कुळासाठी वहीचं एक पान: फुलाची आकृती, पुष्पसूत्र, घरचं उदाहरण. पुष्पसूत्र कॉलेजच्या ग्रंथालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकातून उतरवता येतं. पाच पानांसाठी पुस्तक विकत घेऊ नका.

तसंच रसायनशास्त्राच्या आणि भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांवरचे घटकही आता अभ्यासक्रमात आहेत. त्यांच्यासाठी कॉलेजची प्रयोगवही पुरते, पण ती खरोखर प्रयोग करून लिहिलेली हवी. मित्राची वही बघून उतरवलेली असेल तर उपयोग नाही.

चौथी पायरी: भाषेचा निर्णय आधी, पुस्तकं नंतर

कोकणातल्या मराठी शाळांमधून आलेल्या मुलांचं खरं अडखळणं इथे असतं, आणि पुस्तकांच्या याद्यांत त्याबद्दल एक ओळही नसते.

नीट मराठीतही देता येते. मराठी निवडली तर प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेली मिळते. इंग्रजी निवडली तर फक्त इंग्रजी. भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरला जातो, आणि अर्जदुरुस्तीची मुदत संपली की निवडलेली भाषा बदलता येत नाही. दुसऱ्या बाजूला, एनसीईआरटीची विज्ञानाची पुस्तकं मराठीत निघत नाहीत, आणि अकरावी-बारावीचं विज्ञान आपल्याकडे शिकवलं जातं ते इंग्रजीतच.

माझं मत स्पष्ट आहे: अभ्यास इंग्रजी पुस्तकांतून करा, समजून घ्या मराठीत. नुसत्या मराठी भाषांतरित गाइडांवर दोन वर्षं काढू नका. त्यातले शब्द आणि प्रश्नपत्रिकेतले शब्द जुळतीलच असं नाही, आणि जवनिका म्हणजे व्हेंट्रिकल की एट्रियम अशी शंका ऐन पेपरात आली तर वेळ जातो.

त्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या, तीच या सगळ्यात सगळ्यांत मोलाची ठरेल. प्रत्येक धडा सुरू करताना त्यातले इंग्रजी शब्द डावीकडे, दहावीत शिकलेला मराठी शब्द मधे, आणि उजवीकडे स्वतःच्या बोलीत एका ओळीत अर्थ. ऑस्मॉसिस, परासरण, 'मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात तसं'. एन्झाइम, विकर. मायटोकॉन्ड्रिया, तंतुकणिका. क्लोरोप्लास्ट, हरितलवक. मोमेंटम, संवेग. स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, हा फरक तर आधी मराठीतच पक्का करावा, मग इंग्रजीत गोंधळ होत नाही. दहावीची विज्ञानाची दोन्ही पुस्तकं त्यासाठी जपून ठेवा. निकाल लागल्यावर ती लगेच कुणाला देऊन टाकतात, आणि मग नोव्हेंबरमध्ये शेजारी मागत फिरतात.

पहिले तीन महिने हे काम कंटाळवाणं वाटतं. एका पानाला तास लागतो. आईवडिलांनी त्या काळात 'किती धडे झाले' असं विचारू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. दिवाळीपर्यंत तेच मूल त्याच पुस्तकाचं पान दहा मिनिटांत वाचायला लागतं.

पाचवी पायरी: प्रश्नसंच, विषयाला एकच

धडा वाचून झाल्यावर प्रश्न हवेत. पहिले प्रश्न विकत घेऊ नका. एनटीएच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे पेपर आणि उत्तरसूची असतात. २०१६ ते २०२० आणि २०२५पासूनचे पेपर १८० प्रश्नांचेच आहेत, त्यामुळे वेळ लावून सोडवायला सोयीचे. जुन्या पेपरांतले अभ्यासक्रमातून गेलेल्या धड्यांचे प्रश्न आधी पेन्सिलने खोडून ठेवा. एनसीईआरटीचं एक्झेम्प्लर नावाचं प्रश्नपुस्तकही मोफत आहे. त्यातल्या थोड्या अवघड प्रश्नांनी धडा खरंच कळला का ते उघडं पडतं.

एवढं झालं की प्रत्येक विषयाला एक वस्तुनिष्ठ प्रश्नांचं पुस्तक घ्या. कुठलं, हे मी नाव घेऊन सांगत नाही, कारण दरवर्षी आवृत्त्या बदलतात. कसं तपासायचं ते सांगते. दुकानात जाताना एनसीईआरटीचं जीवशास्त्र पिशवीत न्या. जो धडा तुम्हाला उत्तम येतो तोच प्रश्नसंचात उघडा, अनोळखी धडा उघडू नका. सलग वीस प्रश्न वाचा. उत्तरं पटतात का? एखादं उत्तर चुकीचं छापलेलं सापडलं तर ते पुस्तक परत कपाटात ठेवा, कारण तुम्हाला येणाऱ्या धड्यात ते सापडलं, न येणाऱ्या धड्यात सापडलं नसतं. मग शेवटी दिलेलं स्पष्टीकरण बघा. नुसतं 'ब' लिहिलं आहे की बाकीचे तीन पर्याय का चूक तेही सांगितलं आहे? आपल्या मुलांना शंका विचारायला रात्री नऊला कुणी नसतं, पुस्तकानेच ते काम करायला हवं. म्हणून स्पष्टीकरण असलेलं पाचशे पानी पुस्तक हजार पानी नुसत्या प्रश्नांपेक्षा मला केव्हाही प्यारं.

भौतिकशास्त्राबाबत थोडं जास्त बोलायला हवं. तिथे एनसीईआरटी वाचून भागत नाही, गणितं हाताने सोडवावी लागतात, आणि गणकयंत्र परीक्षेत चालत नाही. २०२५चा भौतिकशास्त्राचा पेपर इतका लांब आणि अवघड होता की देशात पहिला आलेल्या मुलालाही ७२०पैकी ६८६ गुण होते. त्याआधीच्या वर्षी १७ जणांना पूर्ण ७२० होते. अशा पेपरात सूत्रं पाठ करून उपयोग होत नाही. पुस्तक निवडताना सोडवून दाखवलेली उदाहरणं किती आहेत ते बघा, आणि ती सोप्याकडून अवघडाकडे जातात का ते बघा. अभियांत्रिकीच्या मोठ्या परीक्षांसाठी लिहिलेली पुस्तकं थोरल्या भावाची म्हणून घरात असतील तर ती बारावीच्या दुसऱ्या सहामाहीपर्यंत उघडू नका. पहिल्या धड्यातच आत्मविश्वास जातो आणि मूल म्हणतं, मला फिजिक्स जमतच नाही. जमतं. एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं, मग धड्याखालचे प्रश्न, मग मागचे पेपर, मग प्रश्नसंच, या क्रमाने गेलेल्या मुलांना मी जमताना पाहिलं आहे.

सहावी पायरी: जुने संच, मॉड्यूल आणि पीडीएफ

लातूर, कोल्हापूर, पुण्याला शिकून आलेल्या मुलांचे क्लासचे संच, म्हणजे मॉड्यूल, आपल्याकडे हातोहात फिरतात. ते वाईट नसतात, पण ते वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या जोडीने वापरायला लिहिलेले असतात. शिक्षक काढून घेतला की मधल्या पायऱ्या गाळलेल्या दिसतात. फुकट मिळाले तर प्रश्नांसाठी ठेवा, विकत घेऊ नका. आणि छपाईचं वर्ष २०२३ किंवा त्याआधीचं असेल तर अभ्यासक्रमाचा कागद शेजारी घेऊनच उघडा.

मोबाइलवर येणाऱ्या पीडीएफचं काय करायचं? एक नियम घरात घालून द्या: नवी फाइल आली की तिच्यासाठी जुनी एक पुसायची. शंभर फाइली साठवलेलं मूल अभ्यास केल्याच्या समाधानात झोपतं. आणि परीक्षेच्या आधी 'पेपर मिळेल' असे निरोप येतात, ते पाठवणाऱ्याला लगेच ब्लॉक करा, पैसे तर अजिबात देऊ नका. २०२४पासून सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे.

सातवी पायरी: ऑनलाइन साधनं, रेंज बघून

शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरने चालवलेलं 'साथी' हे मोफत व्यासपीठ आहे, त्यावर नीटचे व्हिडिओ आणि सराव चाचण्या आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती ही राज्याची संस्था दहावीनंतर नीटच्या मोफत ऑनलाइन प्रशिक्षणाचे अर्ज मागवते आणि टॅबही देते. तुम्ही त्यात बसत असाल तर पैसे भरून ऑनलाइन क्लास लावण्याआधी तो अर्ज भरा.

पैसे भरायचेच असतील तर आधी घरात बसून, पावसाच्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता त्यांचा मोफत व्हिडिओ चालवून बघा. आमच्या भागात रेंज डोंगराच्या एका बाजूला असते, दुसऱ्या बाजूला नसते, आणि वादळी पावसात दिवसदिवस वीज नसते. थेट तासिका घेणारा क्लास अशा घरात फुकट जातो. व्हिडिओ उतरवून ठेवता येत असतील तरच घ्या. कॉलेजला आल्यावर उतरवायचे, घरी बघायचे. एका धड्याला एकच व्हिडिओ. तीन शिक्षकांकडून तोच धडा ऐकण्यापेक्षा एकदा ऐकून पन्नास प्रश्न सोडवलेले बरे.

आठवी पायरी: पुस्तकं दोन पावसाळे टिकली पाहिजेत

घाटावरच्या कुठल्याही यादीत हे नसेल, पण इथे हे पुस्तकाच्या किमतीइतकंच खरं आहे. जुलैत भिंतीला ओल येते, पुस्तकांवर बुरशी चढते, पानं चिकटतात, मातीच्या घरात वाळवी लागते. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. झाकणाचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी कडुलिंबाचा सुकलेला पाला, आणि ऊन पडेल त्या दिवशी तासभर पुस्तकं पडवीत उघडी ठेवायची. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं ओलीत सगळ्यांत आधी चिकटतात, हेही दुकानात ध्यानात असू द्या. कॉलेजला नेताना दप्तरात आतून प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. नंतर आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीची सगळी पुस्तकं त्यात गेली होती. पुस्तकं लोकांनी महिनाभरात पुन्हा जमवून दिली. तिची शब्दांची वही मात्र कुणी देऊ शकत नव्हतं, ती तिला पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला दर शनिवारी वहीच्या नव्या पानांचे फोटो काढून घरच्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर पाठवायला सांगते.

काय कधी घ्यायचं

जून: अभ्यासक्रम छापून घ्या, अकरावीची एनसीईआरटी, दोनशे पानी वही. बालभारती कॉलेजमुळे येतेच. गणपतीच्या सुट्टीपर्यंत दुसरं काही आणू नका. दिवाळीनंतर जीवशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा प्रश्नसंच, भौतिकशास्त्राचा त्याच्या महिनाभर आधी, कारण तिथे हात बसायला वेळ लागतो. अकरावीला बोर्डाची परीक्षा नसते म्हणून ते वर्ष सैल सुटतं. नीटमध्ये अकरावीचा वाटा जवळपास निम्मा आहे, हे शिमग्याला गावी येणाऱ्या प्रत्येक काका-मामाला सांगून ठेवा, म्हणजे ते 'अजून एक वर्ष आहे' म्हणणार नाहीत.

मे महिन्यात बारावीची एनसीईआरटी. पुढच्या दिवाळीपर्यंत नवीन काहीच नाही. त्यानंतर एक टेस्ट सिरीज, तीही तपासून: पेपर १८० प्रश्नांचे आहेत का, प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण मिळतं का, कागदावर छापलेले पेपर मिळतात का. आणि वीसेक कोऱ्या ओएमआर पत्रिका झेरॉक्स करून घ्या. परीक्षा कागदावर, बॉलपेनने गोल रंगवून होते, आणि रंगवायला लागणारा वेळ मुलांनी कधी मोजलेलाच नसतो.

परीक्षा बहुतेक मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोन ते पाच असते. त्या आठवड्यात आपल्याकडे हापूसच्या पेट्या भरायच्या असतात, चाकरमानी घरी आलेले असतात, उकाड्याने हाताखालचा कागद ओला होतो. म्हणून फेब्रुवारीपासून दर रविवारी त्याच वेळेला, जेवून दोन वाजता, पंखा बंद करून एक पेपर सोडवायचा. पाचला उठायचं, चहा घ्यायचा, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न एनसीईआरटीच्या कुठल्या पानावर आहे ते शोधून त्या पानाच्या कडेला तारीख लिहायची.

ते छत्रीवाले गृहस्थ त्या दिवशी अभ्यासक्रमाची झेरॉक्स आणि एक दोनशे पानी वही घेऊन गेले. एकवीस पुस्तकांची यादी त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली. उरलेल्या आंब्याच्या पैशांतून ऑगस्टमध्ये त्यांनी मुलीच्या अभ्यासाच्या खोलीसाठी बॅटरीवर चालणारा दिवा आणला, वीज गेल्यावर लागतो म्हणून.